रुखवतातला पेट्रोल पंप

रुखवतात पेट्रोल पंप ठेवायचा ही कल्पना मानसिंगरावांना सुचली तेव्हा ते दाढी करत होते. दाढी करताना सुचलेल्या कल्पनेवर माणसाने निदान चहा होईपर्यंत तरी अंमल करू नये. पण मानसिंगराव पडले निवृत्त सुभेदार, त्यातही फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यातले. एका गालाचा साबण तसाच ठेवून ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "लीला, इलाज सापडला."

"आदी तोंड पुसा," लीलाबाई म्हणाल्या, "मग इलाज सांगा."

इलाज कशावर, हे सांगणं भाग आहे. त्यांची एकुलती एक मुलगी शिवांजली आटपाडीच्या बाळासोंच्या घरात, त्यांच्या विश्वजीतची बायको म्हणून, जायची होती. बाळासोंचा आटपाडीबाहेर पेट्रोल पंप. माणूस कष्टाळू, बोलायला तोलूनमापून, म्हणजे धंद्याला शोभेल असाच. साखरपुडा आटपाडीला झाला. जेवणं झाली, पानसुपारी झाली, आणि भरल्या पोटी माणसाची जीभ सैल सुटते तशी मानसिंगरावांची सुटली. हात धुवायला उठता उठता ते मोठ्याने म्हणाले, "काय पाव्हणं, तुमच्याकडं तोंडबी पेट्रोलनंच धुत्यात का काय?"

मानसिंगरावांची कराडजवळच्या मलकापूरकडची सगळी मंडळी खो खो हसली. कृष्णा-कोयनेच्या काठावर उसात लोळलेल्या माणसांना हसायला काय जातं? बाळासो हसले नाहीत. त्यांनी तांब्या उचलला, पाव्हण्यांच्या हातावर स्वतः पाणी घातलं, आणि त्या दिवसापासून मानसिंगरावांशी बोलणं बंद केलं. सगळे निरोप त्यांच्या मंडळींमार्फत, रंगुबाईंमार्फत, येऊ लागले. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत पोचलं, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, पण आयुष्यभर दुष्काळी म्हणवून घेतलेल्या माणसाची ती जागा अजून हुळहुळी होती, आणि मानसिंगरावांनी नेमकं तिथेच बोट घातलं होतं.

शिवांजली बापाला फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही एक वाक्य बोलून घरी आलात. मला त्या वाक्यासकट तिकडं नांदायला जायचंय." तेव्हापासून मानसिंगरावांना घास गोड लागेना. माफी मागावी तर सुभेदारकी आडवी येई, आणि न मागावी तर पोरीचं तोंड समोर येई.

म्हणून पंप. हुबेहूब बाळासोंचा. तसंच छप्पर, तशीच पाटी, नळी हातात धरलेला निळ्या कपड्यातला माणूस. बाळासो मंडपात येतील, स्वतःचा पंप मानाने मांडलेला बघतील, आणि काही न बोलता सगळं मिटेल. माफीही मागितली जाईल आणि मागितल्यासारखी दिसणारही नाही.

"आन करणार कशाचा?" लीलाबाईंनी विचारलं.

"थर्माकोलचा. दुसरं काय?"

पहिला अडथळा इथेच आला. थर्माकोलला बंदी. कराडातल्या एका दुकानदाराने हळद-कुंकवाच्या पुड्यांआडून असं काही बघितलं, की मानसिंगरावांना आपण गावठी दारू मागतोय असं वाटलं. शेजारचे तात्याबा तेव्हा मदतीला धावले. तात्याबा साखर कारखान्याच्या गट ऑफिसातून निवृत्त झाले होते, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा पडून होता. ते म्हणाले, "ईकत कशाला घेता? टीव्ही, फ्रीज, कूलर, सगळ्याच्या खोक्यात थर्माकोल असतोय. गोळा करा की."

मानसिंगरावांनी ओळखीपाळखीच्या माळ्यांवर धाड घातली. मलकापुरात कुणी कुठला फ्रीज घेतला आणि कुणाच्या टीव्हीचं खोकं अजून जपून ठेवलंय याची त्यांना इतकी बित्तंबातमी झाली, की शेवटी बायका दार उघडायच्या आधी आतूनच "न्हाई ओ, आमच्यात न्हाई" म्हणू लागल्या. असा सगळा माल स्कूटरला बांधून ते एका दुपारी निघाले. लांबून स्कूटर दिसत नव्हती, नुसता एक पांढरा ढग हायवेच्या कडेने चालला होता. तो ढग प्लास्टिकबंदीवाल्या पथकाने अडवला.

"थर्माकोल बाळगायला बंदी हाय, माहीत न्हाई?" पथकाचे साहेब म्हणाले.

"हे पॅकिंग हाय," मानसिंगराव म्हणाले. तात्याबांनी पढवलेलं होतं.

"पॅकिंग? मग आतली वस्तू दावा."

वस्तू कुठून दाखवणार? मानसिंगरावांनी इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि थर्माकोलच्या खाचेत ठेवलं. "हे काय. हेल्मेटचं पॅकिंग."

साहेबांनी हेल्मेटकडे पाहिलं, मग मानसिंगरावांच्या उघड्या टकलाकडे पाहिलं. "ठीक हाय. जावा. पण वस्तू पॅकिंगमधनं काढायची न्हाई. आन म्होरच्या चौकात बिगर हेल्मेटवाल्यांना धरत्यात, ते खातं आमचं न्हवं."

सीमेवर उमेदीची वर्षं काढलेला हा माणूस त्या दोन खात्यांच्या मधल्या पट्ट्यात अडकून पडला. अखेर तह झाला. हेल्मेट डोक्यावर परत आलं आणि त्या बदल्यात सगळ्यात मोठा, डबल डोअर फ्रीजचा तुकडा पथकाने जप्त केला. पंपाचं छप्पर त्यामुळे चार ठिकाणी जोडून करावं लागलं. मानसिंगराव तो जोड दिसला की कित्येक दिवस दातओठ खात.

पण काम झकास झालं. अंगणाकडच्या खोलीला आतून कडी लावून ते बसत. शिवांजली दारावर टकटक करून विचारी, "पप्पा, काय चाललंय?" आतून उत्तर येई, "मिलिटरी सिक्रेट." पोरगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, कॉलेजात शिकवणारी. सबंध गल्लीत या विषयातलं कळणारं ते एकच माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच खोलीत यायची बंदी होती.

नुसता देखावा करून थांबतील तर ते मानसिंगराव कसले? गाड्यांची इंजिनं खोलून जोडलेला हात. पंप म्हटल्यावर त्यातून काहीतरी आलं पाहिजे. त्यांनी पंपाच्या पोटात स्टीलचा डबा बसवला, त्याला सलाईनची नळी जोडली, टोकाला बारकी तोटी लावली. सांध्याला पंक्चरचं सोल्युशन फासलं. तोटी फिरवली की धार पडणार, आणि जावई त्या धारेने खेळण्यातल्या मोटारीत तेल भरणार, अशी योजना.

"झ्याक!" तात्याबा म्हणाले. "डब्यात रंगीत पाणी घाला, म्हंजी झालं."

मानसिंगरावांचा चेहरा पांढराफटक पडला. "तात्याबा, पाण्याचं नाव काढायचं न्हाई."

"का?"

"का म्हंजी? एक तर साखरपुड्याचं ते तसं झालेलं. आन दुसरं, पेट्रोल पंपातनं पाणी काढून दावायचं? भर मंडपात? पाव्हण्याला भेसळवाला म्हनल्यासारखं व्हईल की!"

तात्याबा विचारात पडले. त्यांच्या सल्ल्यात खोट निघण्याची ही पहिलीच वेळ होती, निदान त्यांच्या लक्षात आलेली. "मग?"

"मग काय? असलीच घालायचं."

चाचणी मात्र त्यांनी पाण्यानेच घेतली. दार लावून, पडदा ओढून, आणि तात्याबांना शपथ घालून. थेंबभरही गळलं नाही. मानसिंगरावांनी आपल्याच पाठीवर हात पोचेल तेवढी थाप मारली.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते दुसरा एक डबा घेऊन हायवेच्या पंपावर गेले. तिथल्या पोराने पाटीकडे बोट दाखवलं. सुटं पेट्रोल मिळणार नाही.

"अरं, गाडीसाठी नगं, रुखवतासाठी पायजे."

"मग रुखवत घिऊन या मामा, त्यातच भरतो."

इतका अपमान मानसिंगरावांनी फौजेतही सोसला नव्हता. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या स्कूटरच्या टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढली. पेट्रोल आलं, पण त्याचा पहिला हप्ता त्यांच्या घशात गेला. त्या रात्री त्यांनी दिलेली एकही ढेकर लीलाबाईंना मान्य नव्हती. त्यांनी नवऱ्याला शेगडीपासून लांब, ओट्याच्या पलीकडे जेवायला वाढलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयाच्या एका बाजूला रुखवत मांडलं होतं. लोकरीचे ससे होते, मोत्यांची तुळस होती, करंज्यांची बैलगाडी होती. पण सगळ्यांच्या मधोमध, पांढऱ्या चादरीवर, दोन्ही अंगाला समया आणि पुढे रांगोळी अशा थाटात पंप उभा होता. पुढ्यात तात्याबांनी रचलेली पाटी होती:

पंप आटपाडीचा, माया मलकापूरची,
टाकी फुल्ल राहो विश्वजीत-शिवांजलीच्या संसाराची.

वऱ्हाड दारात आल्याची वर्दी लागली तेव्हा मानसिंगरावांनी डब्यात पेट्रोल ओतलं, वरचं झाकण लावलं आणि कोटाची बटणं लावत बाजूला उभे राहिले. आता पंक्चरचं सोल्युशन म्हणजे पेट्रोलात कालवलेलं रबर, पेट्रोल लागलं की परत सुटणारं, हे गाडीखाली जन्म घालवलेल्या माणसाने विसरावं? पण पोरीच्या लग्नात बाप काय काय विसरतो याला मोजदाद नाही.

बाळासो आले. डोक्याला फेटा, चेहरा साखरपुड्यापासून होता तसाच बंद. बाकीचं रुखवत त्यांनी वरवर पाहिलं. पंपापाशी मात्र त्यांची पावलं थांबली. नाकपुड्या फुलल्या.

"पेट्रोल," ते म्हणाले. साखरपुड्यानंतर मानसिंगरावांच्या पुढ्यात उच्चारलेला हा त्यांचा पहिला शब्द.

मानसिंगरावांचा ऊर भरून आला. "व्हय पाव्हणं! असली! एक थेंब भेसळ न्हाई!"

त्याच क्षणी पंपावरचा निळ्या कपड्यातला माणूस कमरेत वाकला आणि बाळासोंना सावकाश नमस्कार केला.

मंडपात टाळ्या पडल्या. "काय मशीन बसवलंय सुभेदारांनी!" कुणीतरी म्हणालं. व्हिडिओवाला पुढे सरसावला. एकट्या मानसिंगरावांनाच माहीत होतं, की आपण असलं कोणतंही मशीन बसवलेलं नाही. नमस्काराला वाकलेला माणूस वर आलाच नाही. तो आणखी वाकला, गुडघ्यात मुडपला आणि आपल्याच पायांत नाहीसा झाला. मग पंप एका बाजूने खचला. पाटी तिरकी झाली. पथकाच्या कृपेने चार ठिकाणी जोडलेलं छप्पर चार दिशांना फाकलं आणि खाली येऊन बसलं. आणि पांढऱ्या चादरीवर, कढईत पाक पसरावा तसा, एक चिकट पांढरा रबरबाट पसरू लागला.

टाळ्या थांबल्या. मानसिंगराव त्या ढिगाकडे बघत राहिले. आधी जिभेने घाण केली, आता हाताने केली. व्याह्याचा पंप त्याच्या डोळ्यांदेखत, भर मंडपात, आपण जमीनदोस्त करून दाखवला. पोरीचं काय होणार, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात उरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"समया!" एवढ्या मोठ्याने कोण ओरडलं म्हणून सगळ्यांनी पाहिलं. बाळासो. "समया उचला! फुकायच्या न्हाईत, हाय तशा लांब न्या! फोटोवाले, मागं सरा! बटनाला कुणी हात लावायचा न्हाई, बिडी-काडी असंल त्यानं भाईर व्हायचं!"

नेमक्या तेव्हा लीलाबाई वरमाईला ओवाळायला निरांजन घेऊन निघाल्या होत्या.

"विहीणबाई, हायसा तितंच!" लीलाबाई एक पाय उचललेला तसाच धरून उभ्या राहिल्या. "माघारी फिरा. सावकास. पदर सांभाळून."

मग ते वळले. "सुभेदार! वाळू!"

"जी साब!" मानसिंगरावांच्या टाचा आपोआप जुळल्या. पण वाळू कुठली? बाळासोंनी मंडपावर नजर फिरवली आणि दारातल्या, बायकांनी पहाटेपासून वापरून उरलेल्या रांगोळीच्या पोत्याकडे बोट दाखवलं. दोघे व्याही पोत्याची दोन टोकं धरून धावले. रांगोळीचे ढीग त्या रबरबाटावर पडले, दारंखिडक्या सताड उघडल्या, चादर गोळा होऊन मोकळ्या मैदानात गेली. भटजींनी होमाचं सामान आपण होऊन कार्यालयाच्या पार दुसऱ्या टोकाला हलवलं, आणि तिथूनही ते एकदा हुंगून बघत होते.

हे सगळं निस्तरल्यावर बाळासो फेटा सावरत उभे राहिले, अंगभर रांगोळी, आणि त्यांचा चेहरा उजळलेला होता. पंप सुरू केल्यापासून त्यांनी वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगून ठेवल्या होत्या, आणि आजवर त्यांचा उपयोग फक्त तंबाखू थुंकणाऱ्यांनी केला होता. आज एवढ्या लोकांपुढे ती विद्या कामाला आली.

गलबला ऐकून मुंडावळ्या बांधलेली शिवांजली मैत्रिणींना न जुमानता बाहेर आली. चादरीतला गोळा बघून तिला सगळं कळलं.

"पप्पा! थर्माकोलात पेट्रोल?"

"पाण्यानं तर गळत न्हवतं गं," मानसिंगराव पुटपुटले.

"पाण्याचा आणि थर्माकोलाचा संबंध काय? पेट्रोलचा आहे." ती आपसूक वर्गात शिकवायच्या सुरात गेली. "जमिनीतून कच्चं तेल काढतात ना, त्यातूनच पेट्रोल निघतं, आणि त्यातूनच निघणाऱ्या मालापासून थर्माकोलचं प्लास्टिक करतात. दोघांची जात एक, म्हणून एकमेकांत विरघळतात. आणि थर्माकोलात प्लास्टिक कितीसं असतं? सगळी फुगवलेली हवा. पेट्रोल लागलं की हवा जाते आणि उरतो तो हा एवढासा गोळा."

वऱ्हाडी मंडळी थक्क होऊन ऐकत होती. नवरीने लग्नात उखाणा घेतलेला त्यांनी ऐकला होता, व्याख्यान दिलेलं नव्हतं. नवरदेव विश्वजीत तर अभिमानाने इकडेतिकडे बघत होता.

"म्हंजी दोघं एकाच भावकीतले म्हण की," तात्याबा म्हणाले. "मग बरोबर हाय. भावकी एकत्र आल्यावर उभी इमारत ऱ्हाईल व्हय?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग सगळा मंडप. ज्यांचे बांधावरून दावे चालू होते ते तर डोळे पुसून हसत होते. बाळासोही हसले, पोट धरून.

मानसिंगराव हसले नाहीत. ते पुढे झाले आणि त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "पाव्हणं, साखरपुड्याला मी बोललो ते चुकलं माझं. त्याचीच भरपाई करायला गेलो, तर हे असं झालं."

"लागलं होतं," बाळासो म्हणाले. "खोटं कशाला बोलू? आमच्या आईनं डोक्यावर हंडा घिऊन कोस कोस काढल्यात. त्याची थट्टा न्हाई सोसत." मग त्यांनी त्या गोळ्याकडे पाहिलं. "पर एक सांगतो सुभेदार. येवढी वरसं झाली, जो माणूस येतोय त्यो माज्याकडनं भरून घिऊन जातोय. सवताच्या गाडीतलं काढून माजा पंप भरणारा तुमी पैलाच."

आणि त्यांनी मानसिंगरावांचे जोडलेले हात खाली केले.

मुहूर्ताला थोडा उशीर झाला. भटजी म्हणाले, पुढचा मुहूर्त पहिल्यापेक्षा चांगला आहे. असा निर्वाळा देताना ते दारातून वारा येतो आहे ना, याची खात्री करून घेत होते. अक्षता पडल्या, जेवणं झाली. रुखवत टेम्पोत चढवताना मानसिंगरावांनी तो गोळा हळूच उकिरड्याकडे सरकवला, तर बाळासोंनी अडवलं. "आवं, रुखवत हाय त्ये. रुखवत सोडून जात न्हाईत." गोळा परातीत बसला आणि टेम्पोच्या मागच्या उघड्या हौद्यात, लोकरीच्या सशांपासून बऱ्याच अंतरावर, विराजमान झाला.

मग निघायची वेळ आली. सबंध दिवस हसतमुख असलेली शिवांजली बापाजवळ आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले. सुभेदार ताठ उभे होते. पोरीपुढे रडायचं नाही असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

"पप्पा, हाताला अजून वास येतोय."

"लय घासलं गं," मानसिंगराव म्हणाले. "साबण लावला, लिंबू लावलं. जात न्हाई."

"ऱ्हाऊ द्या." तिने त्यांचे हात आपल्या गालांना लावले. "त्या घरात हा वास रोज असणारे. आला की म्हणेन, पप्पा आले."

सुभेदारांचा सकाळचा निश्चय तिथेच मोडला. ते भर रस्त्यात, आलेल्या-गेलेल्यांची पर्वा न करता, मोकळेपणी रडले. आणि व्याही बाळासो फेट्याचा शेमला डोळे पुसायला पुढे करून त्यांच्याजवळ उभे राहिले.